चार स्क्रूंचे पैसे

पितळेवर मी त्यांचं नाव एकतीस वेळा कोरलं.
आर्विड आणि मिल्ड्रेड ल्युंडग्रेन.
इंग्रजीत वीस अक्षरं, आणि मधल्या 'आणि'चं ते वेटोळं,
जे कोरताना कोरणी हमखास घसरते,
म्हणून त्याचे मी दोन अक्षरांचे पैसे लावतो.

डुलूथमध्ये कुठंही जा.
शाळेच्या वाचनालयात,
नाटकघरात तिसऱ्या रांगेतल्या खुर्च्यांच्या पाठीवर,
हॉस्पिटलात जिथं आईचं रक्त आठवड्यातून तीनदा
यंत्रातून फिरून परत यायचं, त्या दारावर.
आई ओठ हलवत वाचायची. म्हणायची,
शेवटचा एन जरा कलंडलाय, रूडी.

माझ्या मुलीचा चेलो त्यांचा.
म्हणजे उसना, वर्षाच्या करारावर,
पेटीच्या आत शिक्का.
शिक्काही मीच केलेला.

सगळं आलं खोक्यांतून.
पुठ्ठ्याची खोकी: बुटांची, केकची, खिळ्यांची,
बंदरातल्या प्रत्येक माणसानं कधी ना कधी उचललेली.
तीन नंबरच्या कटरवर बाबांची दोन बोटं
एका मंगळवारी राहून गेली.
उजव्या हाताची.
भरपाईत गेटवरची बसायची नोकरी
आणि दर नाताळात एक हॅम,
तोही खोक्यातच.

उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये म्हणतात.
बाबांच्या डाव्या हाताला सगळं कळलं.
चमचा धरायला, बटणं लावायला,
माझ्या पहिल्या कोरणीला धार काढायला
तोच शिकला, पन्नाशी उलटल्यावर.

फेब्रुवारीत, सरोवर पुलापर्यंत गोठलेलं,
ती एकटीच दुकानात आली.
आर्विडला जाऊन चार महिने.
बुटांवरचं रस्त्याचं मीठ
पायपुसण्यावर बराच वेळ झटकत राहिली.
मग घासाघीस सुरू.
अक्षराला अडीच डॉलर? मागे सव्वादोन होते.
कोट्यवधी वाटलेली बाई
पाव डॉलरसाठी काउंटरवर कोपर रोवून उभी.
"खोक्यांच्या धंद्यात," म्हणाली,
"नफा अर्ध्या सेंटातच असतो."
मला ती पहिल्यांदाच आवडली.

हाताच्या शस्त्रक्रियांचा नवा विभाग होता.
पाटी हवीच, असं मंडळाचं म्हणणं.
"काय कोरू?"
"काही नको. कोरीच द्या."
"अक्षरंच नाहीत, तर पैसे कसले घेऊ?"
"चार स्क्रूंचे घ्या."

मग एवढा भाव कशासाठी केला,
ते मी विचारलं नाही. सवय असेल.

दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबली.
"तुमचे वडील. तीन नंबर ना?"
"हो."
"ते मशीन मी पसंत केलं होतं. जुनं, वापरलेलं.
आर्विड म्हणत होता, नवंच घेऊ.
नऊशे डॉलर वाचले."

माझ्या तोंडात बरंच काही आलं.
बाहेर आलं ते एवढंच:
"पायऱ्यांवर जपून. बर्फ आहे."

तीन दिवस घासली ती पाटी.
आधी माझी हनुवटी दिसायला लागली, मग चष्मा,
मग मागची ट्यूबलाइट आणि तिच्यातली मेलेली माशी.
पुढून कोरी.
मागच्या बाजूला काय आहे ते भिंतीला माहीत.
भिंतींना कान असतात म्हणे.
वाचता येतं का, कल्पना नाही.

चेक टपालानं आला. दोन डॉलर ऐंशी.
वर अजून दोघांचीही नावं
आणि मधे तेच वेटोळं,
छापलेलं, म्हणून कुठंच न घसरलेलं.
गुरुवारी बँकेत टाकला.
वटला.